आजोबांचं एकोणपन्नास, बाबांचं एकाहत्तर, माझं पंचाण्णव

बाबांच्या गोष्टीत ओहायो स्टेट हरायची. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण गोष्टीतला राक्षस शेवटी हरतोच. शाळेत जायला लागल्यावर मात्र वर्गातल्या पोरांनी ऐकवलं, की ओहायो स्टेटला आपण कधीच हरवत नाही, ओहायो स्टेटच काय, नॉर्थवेस्टर्न कुणालाच हरवत नाही. मी रडवेली होऊन घरी आले. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि साक्ष द्यावी तसे म्हणाले, "चौदा-दहा. कोलंबसमध्ये, त्यांच्याच मैदानावर. एकाहत्तर साली. मी रेडिओवर ऐकलंय."

शिकागोच्या उत्तरेला अगदी खेटून, मिशिगन सरोवराच्या काठावर इव्हॅन्स्टन हे गाव आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ तिथलं, १८५१मध्ये स्थापन झालेलं. बाबा पुण्यातून इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणासाठी इथे आले ते १९७१च्या सप्टेंबरात. त्याआधी काही दिवसच अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवून मालिका जिंकली होती, आणि त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्येही. त्यामुळे ज्याला कुणी हिशेबात धरत नाही, तो संघ परक्या मैदानावर जाऊन जिंकतो, हे बाबा अनुभवाने जाणून होते. प्रयोगशाळेतले मित्र त्यांना शनिवारी डाइक स्टेडियमवर घेऊन गेले आणि बाबा कायमचे जांभळे झाले. जांभळा हा नॉर्थवेस्टर्नचा रंग.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू घेऊन पळायचं किंवा तो फेकायचा. ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण. मग खांबांमधून चेंडू मारला तर आणखी १, आणि मारण्याऐवजी पुन्हा पळून किंवा पास देऊन रेषा ओलांडली तर २. लांबून खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे ३. खेळणारे सगळे विद्यार्थी. पण मिशिगन किंवा ओहायो स्टेटच्या मैदानावर शनिवारी लाखभर माणसं जमतात, इतकं या खेळाचं तिकडे वेड. नॉर्थवेस्टर्न ज्या 'बिग टेन' गटात खेळते, त्यातली बाकीची सगळी विद्यापीठं तेव्हा सरकारी आणि अवाढव्य होती. आमचं एकटं खासगी आणि सगळ्यांत लहान होतं. प्रवेशासाठी गुणांची अट कडक, ती खेळाडूंनाही फारशी सैल होत नसे.

बाबांच्या त्या पहिल्या हंगामात प्रशिक्षक अ‍ॅलेक्स अगासी यांच्या संघाने ७ सामने जिंकले, ४ हरले आणि गटात दुसरा क्रमांक मिळवला. ओहायो स्टेटवरचा १४-१० हा विजय त्यातलाच. बाबांना वाटलं, हे असंच चालणार. पण विजय जास्त आणि पराभव कमी असा हंगाम त्यानंतर आला तो थेट १९९५मध्ये. मधल्या काळात बाबांचं लग्न झालं, आई साताऱ्याहून आली, मी जन्मले, वाढले, कॉलेजात गेले.

बाबांकडे गोष्ट एकच होती. गोष्टींचं कोठार होते ते आमच्या शेजारचे आजोबा. सेंट्रल स्ट्रीटवर त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं आणि स्टेडियम त्याच रस्त्यावर. आईने पहिल्या दिवसापासून मला त्यांना 'आजोबा' म्हणायला लावलं आणि त्यांनीही ते आनंदाने मान्य केलं. १९२६मध्ये डाइक स्टेडियम उभं राहिलं तेव्हा ते रांगत होते. त्याआधीच्या गोष्टी त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या. नॉर्थवेस्टर्नच्या संघाला आधी 'फायटिंग मेथडिस्ट्स' म्हणत. १९२४मध्ये शिकागो विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी आमची पोरं अशी झुंजली, की 'शिकागो ट्रिब्यून'च्या वार्ताहराने त्यांना 'वाइल्डकॅट्स' म्हटलं, म्हणजे रानमांजरं. नाव चिकटलं. "आणि तो सामना आपण हरलो होतो बरं का," आजोबा सांगत. हरलेल्या दिवशी मिळालेलं नाव हा संघ आजवर मिरवतो, याचा त्यांना कोण अभिमान!

१९३६मध्ये नॉर्थवेस्टर्नने बिग टेनचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते. प्रशिक्षक होते लिन वॉल्डॉर्फ, सगळे त्यांना 'पॅपी' म्हणत. त्यांच्या हाताखाली बॉब व्हॉइट्स नावाचा एक खेळाडू तयार झाला. पुढे वॉल्डॉर्फ कॅलिफोर्नियाला गेले आणि व्हॉइट्स नॉर्थवेस्टर्नचे प्रशिक्षक झाले. १ जानेवारी १९४९ला पासाडेनात, रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात हे गुरुशिष्य समोरासमोर आले. खरं तर गटात पहिली होती मिशिगन. पण लागोपाठ दोन वर्षं एकाच संघाने रोझ बोलला जायचं नाही असा तेव्हा नियम होता, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या नॉर्थवेस्टर्नला संधी मिळाली.

हा सामना आजोबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून दाखवायचे. मिठाची आणि मिरपुडीची बाटली शेजारी ठेवायची, ती गोलरेषा. अंगठ्याएवढा पावाचा तुकडा म्हणजे चेंडू, चमचा म्हणजे आर्ट मुराकोव्स्की. चमचा पाव घेऊन रेषेवर झेपावतो आणि पाव निसटतो. कधी निसटतो? रेषा ओलांडण्याआधी की नंतर? पंचांनी टचडाउन दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, त्यांवरून कॅलिफोर्नियाची माणसं अजूनही म्हणतात की चेंडू आधीच सुटला होता. आजोबांनी तो पाव माझ्यासमोर किती वेळा टाकला असेल, पण दर वेळी तो रेषेच्या पलीकडेच पडायचा. मग कॅलिफोर्निया १४-१३ने पुढे जायची आणि शेवटची ३ मिनिटंही उरलेली नसताना एड टनिक्लिफ ४३ यार्ड पळून जायचा. २०-१४. पाव शेवटी माझ्या तोंडात.

त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. प्रत्येक सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, गुण, हवा, बस्स. शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही. १९६२चं पान उघडलं की दिसे: नोत्र दाम, ३५-६. प्रशिक्षक आरा पार्सेघियन यांच्या संघाने त्या वर्षी देशात पहिला क्रमांक गाठला होता. पुढच्याच पानावर विस्कॉन्सिनकडून ६-३७. त्यानंतर वर्षभराने पार्सेघियन नोत्र दामला गेले आणि त्यांना दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. वहीत तेही एका ओळीत होतं: "आरा गेले."

पण वहीची खरी जाडी होती ती १९७६ ते १९८१ या पानांत. सहा हंगामांत ३ विजय, ६२ पराभव, १ बरोबरी. ती बरोबरीसुद्धा इलिनॉयशी ०-०. सप्टेंबर १९७९मध्ये वायोमिंगला हरवलं आणि त्यानंतर ओळीने ३४ सामने हरलो. वरच्या श्रेणीतल्या कॉलेज फुटबॉलमधला तो विक्रम. गावाबाहेरून इंटरस्टेट ९४ हा महामार्ग जातो. त्याच्या पाटीखाली, सामन्याचे गुण लिहावेत तसं, कुणीतरी 'नॉर्थवेस्टर्न ०' असं रंगवून ठेवलं होतं, असं सगळे सांगायचे. १९८१च्या नोव्हेंबरात मिशिगन स्टेटने ६१-१४ असं झोडपलं आणि सलग पराभवांचा तोवरचा विक्रम मोडला, तेव्हा विद्यार्थ्यांनी मैदानात धाव घेऊन गोलचे खांबच उखडले. बिग टेन सोडावी, आपल्यासारख्या लहान विद्यापीठांशी खेळावं, अशीही चर्चा तेव्हा चालायची. वहीत मात्र ६१-१४ त्याच निळ्या शाईत, त्याच वळणदार अक्षरात. २०-१४ जसं लिहिलं होतं, अगदी तसं.

२५ सप्टेंबर १९८२. डेनिस ग्रीन प्रशिक्षक होते, पुढे ज्यांनी व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव काढलं. नॉर्दर्न इलिनॉयवर ३१-६ने मात केली आणि ती मालिका तुटली. मी बाबांच्या खांद्यावर होते. पोरांनी गोलचे खांब पुन्हा उपटले आणि या वेळी ते मैलभर वाजतगाजत नेऊन सरोवरात बुडवले. माझी या संघाची पहिली आठवण ती. आई दारातून मिरवणूक बघत होती. तिने विचारलं, "अजिंक्यपद मिळालं का रे यांना?" बाबा म्हणाले, "नाही गं, एक सामना जिंकलो." आई म्हणाली, "मग अजिंक्य झाल्यावर काय करतील?" याचं उत्तर मिळायला १३ वर्षं लागली.

१९९२मध्ये कोलोराडोहून गॅरी बार्नेट आले. आल्या आल्या बास्केटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, की आपण जांभळा रंग पासाडेनाला नेणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या भलेपणाने. पहिली तीन वर्षं ३, २ आणि ३ विजयांची. पण आजोबा म्हणायचे, हा माणूस बघा, पोरांना हरण्याची सवय लागू देत नाही. उन्हाळ्यात तो त्यांना विस्कॉन्सिनमध्ये केनोशाला शिबिरासाठी नेई. पोरं तिथे एकत्र राहत, घाम गाळत. 'विजयाची अपेक्षा धरा' हे त्याचं ब्रीद. १९९५च्या उन्हाळ्यात संघातला मार्सेल प्राइस गोळी लागून गेला. त्या पोरांनी तो हंगाम आपल्या मित्राचं दुःख उराशी घेऊन सुरू केला, हे विसरून त्या वर्षाची गोष्ट सांगता येत नाही.

पहिला सामना २ सप्टेंबरला, साउथ बेंडमध्ये नोत्र दामशी. नोत्र दाम देशात नववी आणि जाणकारांच्या मते २८ गुणांनी सरस. १९६२नंतर आम्ही त्यांना हरवलं नव्हतं. त्या आठवड्यात गणपती होते. आमच्या ओळखीतल्या एका घरी दुपारी आरती, मग जेवण. बायका वर, आणि तळघरात टीव्हीसमोर बाबा, मी, दोन-तीन काका. अंगावर नव्या साडीचा काठ टोचत होता आणि हातातल्या द्रोणातले मोदक गार होत होते. १७-९ असे आम्ही पुढे. शेवटच्या काही मिनिटांत नोत्र दामने टचडाउन केला, १७-१५. आता बरोबरीसाठी ते २ गुणांचा प्रयत्न करणार. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, रॉन पाउलस चेंडू घेऊन मागे सरकला, आपल्याच माणसाच्या पायात अडखळला आणि पडला. पुढे चौथ्या प्रयत्नात हवे होते फक्त २ यार्ड, तिथे आमच्या बचावफळीने त्यांच्या रँडी किंडरला जागीच आडवं केलं. उरलेला वेळ आमच्या डार्नेल ऑट्रीने धावून धावून संपवला. त्या दिवशी तो १६० यार्ड पळाला. बार्नेटने पोरांना आधीच बजावलं होतं, की जिंकलो तर मला खांद्यावर घ्यायचं नाही. जिंकायलाच आलो होतो, असं वागायचं. पोरं तशीच वागली. तळघरात आम्ही मात्र तसं वागलो नाही. वरून आई ओरडली, "काय झालं, पडलं का कुणी?"

दोन आठवड्यांनी ओहायोतल्या मायामी विद्यापीठाशी सामना. शेवटच्या सत्राला सुरुवात झाली तेव्हा २८-७ असे आम्ही पुढे होतो. मग एकेक वीट निसटत गेली. शेवटी पंट मारायचा, म्हणजे चेंडू पायाने लांब टोलवायचा होता, तर चेंडू मारणाऱ्याच्या हाती नीट आलाच नाही, आणि मायामीने अखेरच्या क्षणी फील्ड गोल मारून ३०-२८ असा सामना नेला. लोक म्हणाले, झालं, आली गाडी मूळ पदावर. त्या रात्री मी आजोबांकडे गेले. ते वहीत नोंद करून बसले होते. २८-३०. मी म्हटलं, "आजोबा, आता?" ते म्हणाले, "आता एअर फोर्स, पुढच्या शनिवारी."

एअर फोर्स ३०-६. इंडियाना ३१-७. मग ७ ऑक्टोबरला अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगन. तिथे आम्ही १९५९नंतर जिंकलो नव्हतो. सॅम व्हॅलेंझिसीने चार फील्ड गोल मारले आणि लाखभर माणसं गप्प झाली, १९-१३. मिनेसोटा २७-१७. विस्कॉन्सिन ३५-०, याच सामन्यात आनंदाने उडी मारताना व्हॅलेंझिसीचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. इलिनॉय १७-१४. पेन स्टेट २१-१०, तिन्ही टचडाउन ऑट्रीचे. ११ नोव्हेंबरला आयोवा. त्यांनी आम्हाला सलग २१ वेळा हरवलं होतं. ३१-२० जिंकलो, पण बचावफळीचा कणा असलेल्या पॅट फिट्झजेराल्डचा पाय मोडला. आणि १८ तारखेला पर्ड्यू, २३-८. गटातले आठच्या आठ सामने जिंकले. १९३६नंतरचं पहिलं अजिंक्यपद.

त्या आठवड्यांत गावात माणसं एकमेकांशी बोलू लागली. किराणा दुकानात, लॉन्ड्रीत, 'एल' या लोकल गाडीच्या फलाटावर. प्रत्येक जण आपल्या घरातल्या म्हाताऱ्याचं काहीतरी सांगायचा: माझे वडील १९३६ला इथे होते, माझी आत्या १९४९ला पासाडेनाला गेली होती. पराभवाच्या वर्षांत ज्या गोष्टी लोक घरातल्या घरात सांगायचे, त्या आता रस्त्यावर आल्या. माझ्या वसतिगृहातल्या मुलींना हे सगळं आकाशातून पडल्यासारखं वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं. आमच्या टेबलावर मिठाच्या बाटलीशेजारी हे सगळं कधीचं घडून गेलं होतं.

अजून एक अडथळा होता. ओहायो स्टेटही तोवर अपराजित होती आणि त्या वर्षी आमची-त्यांची गाठच पडणार नव्हती. २५ नोव्हेंबरला त्यांनी मिशिगनला हरवलं असतं, तर एकूण कामगिरीच्या जोरावर रोझ बोलला तेच गेले असते. ज्या मिशिगनला आम्ही हरवलं, तिच्याच विजयासाठी त्या शनिवारी सगळं इव्हॅन्स्टन देव पाण्यात घालून बसलं. मिशिगनचा टिम बियाकाबुटुका ३१३ यार्ड धावला. ३१-२३. बाबा खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "हरली. ओहायो स्टेट हरली." त्यांचे डोळे भरून आले होते.

१ जानेवारी १९९६ला पासाडेनात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून आम्ही ४१-३२ असे हरलो. ७-२४ अशा पिछाडीवरून पोरांनी शेवटच्या सत्रात ३२-३१ अशी आघाडीही घेतली होती. पण त्यांचा कीशॉन जॉन्सन त्या दिवशी कुणाला आवरला नाही. आम्ही तो सामना आजोबांकडे बघितला. सामना संपल्यावर आजोबांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "लिही." मी लिहिलं. अक्षर शक्य तितकं त्यांच्यासारखं काढलं. १०-२ असा हंगाम संपला आणि देशाच्या क्रमवारीत आम्ही आठवे आलो.

त्या वर्षाला सगळे चमत्कार म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. चमत्काराला कारण लागत नाही, आणि इथे कारणं होती. एक प्रशिक्षक होता, ज्याने तीन वर्षं हरूनही आपला शब्द मागे घेतला नाही. पोरं होती, जी मायामीच्या सामन्यानंतरच्या सोमवारी सरावाला हजर झाली. आणि म्हातारी माणसं होती, ज्यांनी जिंकता येतं याची आठवण ६२ पराभवांतूनही हरवू दिली नाही. खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक दुसरीकडे जातात. संघाची स्मृती राहते ती बूटदुरुस्तीच्या दुकानात, दुसऱ्या देशातून आलेल्या इंजिनिअरच्या घरात. ती नसेल तर प्रत्येक पिढीला शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

पुढेही हा धागा तुटला नाही. मायामीच्या ज्या प्रशिक्षकाने आमच्या तोंडचा घास पळवला, ते रँडी वॉकर १९९९मध्ये आमचेच प्रशिक्षक झाले. २००६मध्ये ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी आला पाय मोडलेला तो फिट्झजेराल्ड. त्याच्या संघाने १ जानेवारी २०१३ला गेटर बोल या अशाच हंगामाअखेरच्या सामन्यात मिसिसिपी स्टेटला ३४-२० हरवलं. १९४९नंतरचा तो आमचा पहिला बोल विजय. आजोबा तेव्हा नव्हते. नोंद मी केली. जुनं स्टेडियमही आता राहिलं नाही. ते पाडून त्याच जागी नवं उभारायचं काम २०२४मध्ये सुरू झालं.

२०२२मध्ये आम्ही १२पैकी ११ सामने हरलो. जिंकलो तो एकच, तोही थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनला, नेब्रास्काशी. माझ्या भाच्याला मी तेव्हा सामन्यांना घेऊन जायचे. नोव्हेंबरातल्या एका गारठलेल्या शनिवारी तो म्हणाला, "मावशी, आपण कशाला येतो गं?" मी त्याला १९९५ची गोष्ट सांगितली नाही. त्याला वही दाखवली, १९७६पासूनची पानं. म्हटलं, हे सगळं आधी वाच.

पुढच्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक बदललेला, सगळ्यांनी शेवटून पहिला नंबर ठरवलेला, अशा संघाने ७ सामने जिंकले आणि वर लास व्हेगासला जाऊन युटाला १४-७ हरवलं. भाचा घरभर नाचला. मग वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने नोंद केली. आता त्याचंही एक साल झालं, तेवीस. ते सांगायचा हक्क त्याचा, मी त्यात तोंड घालणार नाही. माझी अट एकच आहे: सांगताना सुरुवात बावीसपासून करायची, आणि अकराच्या अकरा सामन्यांचे गुण न चुकता सांगायचे. ज्याने हरलेली वर्षं ऐकली आहेत, तोच पुढची हरलेली वर्षं येऊन बसतो. आणि जो येऊन बसतो, त्यालाच पंचाण्णव बघायला मिळतं.